खोलीत कुणी नव्हतं

११ जुलै

ताई,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस, ते मला दिसतं, पण उत्तर देत नाहीस. म्हणून मावशीकडून तुझ्या नव्या खोलीचा पत्ता घेतला. पत्ता देताना तिने विचारलं, "भांडायला लिहितेयस का?" मी म्हटलं, नाही. तेव्हा हे भांडण नाही असं धरून वाच.

मावशीकडे आता तुझ्या पलंगावर झोपते, तुझ्याच टेबलावर लिहितेय. मावशी हल्ली तुझ्याशी बोलायचं असलं की फोन घेऊन गच्चीत जाते. पूर्वी स्वयंपाकघरातच बोलायची, कुकरच्या शिट्टीवर आवाज चढवून. आता मी घरात असले की गच्ची. खाली येते तेव्हा चेहरा असा करते, जणू वाळलेले कपडे काढायला गेली होती, आणि हातात एकही कपडा नसतो.

कॉलेजच्या आपल्या मंडळाचं सांगते. नव्या वाचकांना मी तेच सांगितलं जे तू मला सांगितलं होतंस: ज्यांना दिसत नाही त्यांना, म्हणजे आपल्या ऐकणाऱ्यांना, पुस्तकं वाचून दाखवायची, परीक्षेत लेखनिक म्हणून बसून ते सांगतील तेच लिहायचं, आणि मध्ये स्वतःचं शहाणपण घालायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मी वेळापत्रक केलं. कोण, कुणाला, कधी, कुठलं पुस्तक वाचणार. मोठा तक्ता करून वाचनखोलीच्या भिंतीवर लावला, आवाज घुमू नये म्हणून तू जिथे गाद्या ठोकून घेतल्या होत्यास त्याच्या शेजारी. फोटो काढून ग्रुपवरही टाकला.

तर त्या तक्त्याप्रमाणे एक माणूस हलत नाही.

सोमवारी जिने इतिहास वाचायचा ती ग्रंथालयाच्या मागच्या पायऱ्यांवर बसून कायदा वाचत होती. मी विचारलं, तर म्हणाली, "मला असंच सांगितलंय." कुणी सांगितलं? "म्हणजे, ठरलं तसं." कुठे ठरलं, कधी ठरलं, याला उत्तर नाही. नुसतं हसायचं आणि म्हणायचं, "ताई असताना असंच असायचं." अध्यक्ष मी, किल्ल्या माझ्याकडे, आणि मंडळात मी पाहुणी.

मे महिन्याच्या त्या बैठकीत तू माझं नाव सुचवलंस. मी हात वर केला नव्हता, मागितलंही नव्हतं. दुसऱ्या वर्षाची मुलगी अध्यक्ष होते म्हणून काही जणांनी भुवया उंचावल्या, पण तू म्हणालीस म्हणून कुणी बोललं नाही. किल्ल्या देताना तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. दुसऱ्या दिवशी नोकरीच्या गावी निघून गेलीस आणि तेव्हापासून तुझं तोंड बंद.

सरळ विचारते. तिथे बसून तू इथल्या मुलांना फोन करतेस का? करत असशील तर कर बापडी, पण मला सांगून कर. किल्ल्या माझ्या हातात आणि कुलूप तुझ्या, असं किती दिवस चालायचं?

तुझी,
धाकटी


२ ऑगस्ट

ताई,

उत्तर नाही. ठीक.

पाणी कुठे मुरतंय ते मी शोधतेय, आणि मला वाटतं सापडलं. आपला सचिव. सगळे त्याला घड्याळ म्हणतात, कारण तो कधी उशिरा आला नाही आणि कधी लवकर गेला नाही. तो तुझा माणूस, हे मला आधीपासून माहीत होतं. पण किती तुझा, ते आता कळतंय.

मी खोलीत शिरले की तो फोन ठेवतो. "मग बोलू," म्हणतो आणि फोन खिशात. मी विचारलं, कोण होतं? म्हणाला, "घरचे." घरच्यांशी कुणी उत्तरपत्रिकेच्या समासात काय लिहायचं याबद्दल बोलतं का? मी दाराबाहेर उभी राहून तेवढं ऐकलं होतं. हो, उभी राहिले. तू मला ज्या जागी बसवलंयस तिथे बसून कान टवकारल्याशिवाय काही कळत नाही.

आता हे ऐक. गेल्या आठवड्यात मी वाचनखोलीतून आईला फोन केला. दार लावलेलं होतं, खोलीत कुणी नव्हतं. मी आईला म्हटलं, मला हे जमत नाहीये, कुणी माझं ऐकत नाही, सप्टेंबरची परीक्षा पार पडली की सोडून देईन. आई म्हणाली, बघ बाई तुझं तू. बस, एवढंच.

दोन दिवसांनी घड्याळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "तू परीक्षेनंतर सोडतेयस का? मग आत्ताच सांगितलंस तर बरं. पुढची व्यवस्था बघायला वेळ मिळतो."

पुढची व्यवस्था. म्हणजे ती ठरलेलीही असणार.

आता तूच जोड. मी बोलले आईशी. आई रोज मावशीशी बोलते. मावशी गच्चीत जाते. गच्चीतून ते तुझ्याकडे, आणि तुझ्याकडून घड्याळाकडे. दुसरा रस्ता आहे का? असेल तर दाखव. मी मावशीलाही विचारलं. तिने भाजी चिरता चिरता सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, "तिचं नाव काढू नकोस बाई सध्या. तिचं तिलाच पुरेसं झालंय." काय पुरेसं झालंय? नोकरी आहे, पगार आहे, स्वतंत्र खोली आहे, आणि इथे तिच्या नावाने मंडळ चालतंय. आणखी काय पाहिजे माणसाला?

लहानपणी पत्ते खेळताना तू मला जिंकू द्यायचीस आणि मग सगळ्यांना सांगायचीस की मी जिंकू दिलं. हे तसंच चाललंय का?

मी आता ठरवलंय. परीक्षेचे लेखनिक मी स्वतः नेमणार. घड्याळाच्या हातात काही ठेवणार नाही.


९ सप्टेंबर

ताई,

आज जे झालं ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच लिहिते. जसं झालं तसं लिहिते.

पहिल्या वर्षातली ती बारीक मुलगी तुझ्या वेळी नव्हती, जूनमध्ये आली. तिला सगळे चिमणी म्हणतात. ती चिवचिवते म्हणून नव्हे, उलट कुठे बसलीय तेच कळत नाही म्हणून. आज तिचा अर्थशास्त्राचा पेपर होता. तिचा लेखनिक घड्याळ होता. दोघांनी सरावही केला होता, ती बोलते त्या वेगाने तो लिहू शकतो.

काल मी त्याला काढलं. कारण सांगितलं नाही. "तुला दुसऱ्या हॉलमध्ये टाकलंय," एवढंच म्हटलं. तो म्हणाला, "चिमणीला माझी सवय झालीय." मला वाटलं, बघा, हातातून सुटतंय म्हणून धडपडतोय. चिमणीसाठी मी एका नव्या वाचक मुलीला नेमलं. तिला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं आणि कुणाला बोलू नकोस असंही बजावलं.

सकाळी ती मुलगी आलीच नाही.

मी फोन केला, तर ती घरी. म्हणाली, "मला काल फोन आला ना. चिमणीला घड्याळ आहे, तू येऊ नकोस, म्हणून." कुणाचा फोन? "मंडळाकडूनच." आणि फोन बंद.

मी परीक्षेच्या हॉलकडे पळाले. पर्यवेक्षक बाईंना म्हटलं, मी बसते लेखनिक म्हणून. त्यांनी विचारलं, "विषय कोणता तुझा?" अर्थशास्त्र. "मग नाही चालणार. लेखनिक त्या विषयाचा नको. नियम तुमच्याच मंडळाने पाठवलाय." खरंच आपणच पाठवला होता. तूच लिहिला होतास, चांगला होता. मी कँटीनमध्ये गेले, ग्रंथालयात गेले, खेळाच्या मैदानावर एका पोराच्या दंडाला धरून ओढलं. तो यायला तयार झाला, पण आम्ही परत पोचेपर्यंत हॉलचं दार बंद झालं होतं. उशिरा कुणाला आत घेत नाहीत.

दाराला काच आहे. त्यातून दिसत होतं. चिमणी शेवटच्या बाकावर, दोन्ही हात कोऱ्या उत्तरपत्रिकेवर ठेवून बसली होती. बाईंनी तिला बाहेर जायला सांगितलं असावं, तिने मान हलवून नाही म्हटलं. मग बाई तिच्या शेजारी वाकल्या आणि हळू आवाजात काहीतरी वाचायला लागल्या. बाहेर आल्यावर कळलं. ती बाईंना म्हणाली होती, "लिहायला कुणी नाही तर नाही. प्रश्न तरी वाचून दाखवा."

सगळे प्रश्न ऐकले तिने. वेळ संपेपर्यंत बसली. बाहेर आली तेव्हा मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. तिनेच विचारलं, "कोण?" मी सांगितलं. ती म्हणाली, "सगळं येत होतं."

बास. रडली नाही, ओरडली नाही. काठी उघडली आणि कठड्याच्या बाजूने चालत गेली.

तो फोन तू केलास का? ताई, एवढ्या एकाच प्रश्नाचं उत्तर दे. बाकीचं मी सोडते.


१३ सप्टेंबर

ताई,

फोन तू केला नव्हतास. मला कळलं. कुणी केला तेही कळलं.

घड्याळाला मी जिन्यात अडवलं. म्हटलं, आज सांगितल्याशिवाय खाली जाऊ देणार नाही. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "चल, जिच्याशी मी बोलतो तिच्याकडेच नेतो." मला वाटलं तू आली आहेस. खोटं कशाला सांगू, आनंद झाला.

ग्रंथालयामागच्या पायऱ्यांवर, सगळे जिला वकीलबाई म्हणतात ती बसली होती. कायद्याच्या शेवटच्या वर्षाची, ऐकणाऱ्यांतली, तुझ्या वेळची. तू तिला चांगली ओळखतेस. किती चांगली, ते मला त्या पायऱ्यांवर कळलं. चिमणी तिच्या शेजारी होती, आणखी पाच-सहा ऐकणारे होते आणि माझे निम्मे वाचक. रोज जमतात. मंडळ तिथे चालतं, मी गाद्यांच्या खोलीत तक्त्याची राखण करत बसते.

मी म्हटलं, "तुम्ही फोन केला होता त्या मुलीला?"

"मला अहोजाहो नको करूस," ती म्हणाली. "कँटीनच्या एकाच रांगेत उभ्या असतो आपण. हो, मी केला. मला माहीत होतं की चिमणीला घड्याळ आहे. पुस्तकाचं विचारायला फोन केला, तर ती मुलगी म्हणाली तिला चिमणीसाठी नेमलंय. मला वाटलं चुकून दोघं झाले. तू त्याला काढलंस हे मला कुणी सांगितलं नाही. त्यानेही सांगितलं नाही, त्याला वाटलं तू आम्हाला कळवलं असशील."

"पण माझा तक्ता होता. तू परस्पर का ठरवतेस?"

ती माझ्या आवाजाकडे वळली. मग म्हणाली, "तक्ता कुठे होता?"

"भिंतीवर. ग्रुपवरसुद्धा टाकला होता."

"भिंतीवर," ती म्हणाली. "आणि ग्रुपवर काय आलं सांगू? आमचे फोन आम्हाला वाचून दाखवतात. माझा फोन म्हणाला, 'फोटो'. चिमणीचा फोन म्हणाला, 'फोटो'. त्यापुढे काही नाही. आम्ही एकमेकांना फोन करून ठरवलं नसतं तर वर्षभर कुणी काही ऐकलं नसतं."

कुणीतरी हसलं. वाईट हसू नव्हतं, पण मला जमिनीत जावंसं वाटलं.

मग मी विचारलं की मी आईशी बोलले ते इथे कसं आलं. माझ्या सगळ्या संशयाचा पाया तोच होता ना. चिमणी म्हणाली, "मीच सांगितलं. मी होते खोलीत. कोपऱ्यात, कानात इअरफोन घालून ऐकत बसले होते. तू आलीस तेव्हा काढले. तू दार लावलंस, फोन लावलास. मला वाटलं तुला माहीत आहे मी आहे."

मी तुला लिहिलं होतं, खोलीत कुणी नव्हतं. ताई, मी तिच्याकडे पाहिलं होतं. आत्ता आठवतं, निळा कुर्ता होता. पाहिलं होतं आणि कुणी नाही असं धरलं होतं.

पण तुला सुटका नाही. मी वकीलबाईला विचारलं, एवढं सगळं तूच चालवतेस, तर मग मेमध्ये माझं नाव आलं तेव्हा विरोध का केला नाहीस?

"सभासद कुठे आहे मी? नियमात बघ. वाचक ते सभासद, आम्ही लाभार्थी. लाभार्थींनी वर्षाच्या शेवटी आभार मानायचे. तीन वर्षं मीच मानतेय, चांगलं बोलते मी." मग म्हणाली, "तुझ्या ताईने मला शब्द दिला होता. नियम बदलू, पुढची अध्यक्ष तू. मी फक्त आईला सांगितलं होतं. बैठकीत मी माझ्या नावाची वाट बघत बसले होते, आणि नाव आलं तुझं."

घड्याळ खाली बघत होता.

तर हे आहे. तुझं मौन माझ्यावरच्या रागाचं नव्हतंच. तू तिला तोंड दाखवू शकत नव्हतीस, आणि मला दाखवलंस तर मी विचारेन, म्हणून मलाही नाही.

का केलंस असं?


२० सप्टेंबर

ताई,

तू सांगत नाहीस म्हणून मी सरांकडे गेले. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते कसल्याशा पानांना चिठ्ठ्या लावत होते. मंडळाचे प्रमुख म्हणून सही त्यांची चालते, खोलीही त्यांच्या सहीवर. मी म्हटलं, ऐकणाऱ्यांना सभासद करायचंय आणि निवडणूक घ्यायचीय.

"भावना चांगली आहे," ते म्हणाले. ते असं म्हणाले की पुढे 'पण' येतो, हे तुला माहीत आहे. "पण उद्या काही झालं तर? जिना आहे, विजेच्या वायरी आहेत, आगबीग लागली तर जबाबदारी कोणाची?"

"सर, वकीलबाई रोज त्याच जिन्याने येते."

"येणं वेगळं आणि अध्यक्ष असणं वेगळं." मग चिठ्ठी चिकटवत म्हणाले, "तुझी ताई समजूतदार होती. मी तिला म्हटलं, असं काही करणार असाल तर खोलीचं मला पुन्हा बघावं लागेल. तिने ऐकलं. दुसरं नाव सुचव म्हटलं, तर तुझं सुचवलं. म्हणाली, ती माझ्या शब्दाबाहेर नाही."

खरंच असं म्हणालीस? की सरांनी आत्ता जोडलं? त्यांचा चेहरा बघून कळत नाही, तो कायम चिठ्ठी लावल्यासारखाच असतो. मी घरी येईपर्यंत ते वाक्य तोंडात घोळवत होते. म्हणाली असशील तर मला मंडळाची अध्यक्ष केलं नव्हतंस, दाराची कडी केली होतीस. आणि म्हणाली नसशील तर सर खोटं बोलतायत. दोन्हींतलं कुठलं बरं, तेच ठरत नाही.

रात्री जेवताना मावशीला सांगितलं. ती बराच वेळ भाताशी खेळत राहिली. मग म्हणाली, "त्या मेच्या बैठकीच्या आदल्या दिवशी ती घरी आली तेव्हा बूटसुद्धा न काढता बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून बसली. मला म्हणाली, खोली वाचवली. मी म्हटलं, मग रडतेस कशाला? तर म्हणाली, खोलीच वाचवली गं फक्त." मावशीला यातलं काही कळलं नव्हतं. मला कळलं. तुझ्यावरचा राग कमी झाला असं नाही. पण त्याचा आकार बदलला.

दुसऱ्या दिवशी मी वकीलबाईला सोबत घेऊन सरांकडे गेले. मला वाटलं होतं ती कायद्याची कलमं काढेल. तिने काही काढलं नाही. स्टुलावर बसली आणि म्हणाली, "सर, आम्ही सभासद होऊ शकत नाही, असं तुम्ही म्हणालात. तेवढं लेखी द्या."

"लेखी कशाला? मी तोंडी सांगतोय ना."

"तोंडी विसरायला होतं, सर. लेखी असलं की बरं. मला वाचता येणार नाही म्हणून काळजी करू नका, वाचून दाखवणारे पुष्कळ आहेत."

सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. म्हणाले, प्राचार्यांना विचारतो. ती म्हणाली, विचारा ना, आणि त्यांचंही लेखी आणा. आम्ही बाहेर पडलो तेव्हा ती जिन्यात म्हणाली, "नाही म्हणायला कुणाचं काही जात नाही. नाही लिहायला जातं."

एक सांगते. मला तिचाही संशय आहे. तिला खुर्ची हवी आहे आणि मी तिच्या हातातली काठी झालेय असं मला अधूनमधून वाटतं. मी तिला हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, "हवीच आहे मला खुर्ची. तुला कुणी सांगितलं नको आहे म्हणून?"




१८ ऑक्टोबर

ताई,

सही झाली. सरांनी नियम बदलल्याच्या कागदावर सही केली, वर 'सर्व बाबींचा विचार करून' असं लिहून. ज्याने त्याने आपापली अब्रू झाकावी. वायरी नीट करून घ्यायलाही माणूस आला होता, म्हणजे आगीची भीती तेवढी तरी खरी असावी.

चिमणीच्या पेपरचं वकीलबाईने लावून धरलं. चूक मंडळाची, तिची नाही, असा अर्ज केला, आणि त्यावर मी अध्यक्ष म्हणून सही केली. अध्यक्ष म्हणून आजवर केलेलं हे एकच काम मला आवडलं. हिवाळी परीक्षेत तिला तो पेपर पुन्हा देता येईल. घड्याळ बसणार आहे लेखनिक म्हणून. त्याची मी माफी मागितली. तो म्हणाला, "ठीक आहे, पण तू दाराबाहेर उभी असलीस की तुझ्या चपला दिसतात फटीतून. मला कळायचं." आणि तरी तो तसाच बोलत राहायचा. माणसं मला वाटतात तेवढी लपवत नाहीत, असं दिसतंय.

निवडणूक झाली. मी उभी राहिले नाही. वकीलबाईविरुद्ध एक वाचक मुलगा उभा होता, तो बरा बोलला, हरला. मतदान तोंडी घ्यायचं की गुप्त, यावर इतका वाद झाला की शेवटी प्रत्येकाने पर्यवेक्षक बाईंच्या कानात येऊन नाव सांगितलं. बाई म्हणाल्या, इतक्या जणांनी माझ्या कानात आजवर काही सांगितलं नव्हतं.

आता मी वकीलबाईला काम सोपवतेय. रोज कॉलेज सुटल्यावर बसतो. मी बोलते, ती ऐकते, मधेच तोडते. "हे तुला माहीत आहे की तुला वाटतं?" असं विचारते. निम्म्या वेळा मला नुसतं वाटत असतं. कोणता वाचक भरभर वाचतो, कुणाचा आवाज दुपारी बसतो, कोण हो म्हणतो आणि येत नाही, कोण नाही म्हणून येतो. हे सगळं तुला माहीत होतं ना? यातलं तू मला काहीच दिलं नव्हतंस. किल्ल्या दिल्यास. मी तेव्हा त्यालाच सोपवणं समजले.


३ नोव्हेंबर

ताई,

काल वकीलबाईने सूत्रं घेतली. भाषणं नव्हती. वाचनखोलीत सगळे दाटीवाटीने बसले होते, काही जण गाद्यांना टेकून उभे. मी किल्ल्या तिच्या हातात ठेवल्या आणि खाली बसले. टाळ्या झाल्या. तिने त्या थांबू दिल्या.

मग म्हणाली, "इथे किती जण आहेत ते मला आवाजावरून कळतंय, कोण कोण आहे ते कळत नाही. तेव्हा दारापासून सुरू करू. प्रत्येकाने नाव सांगायचं. गप्प बसलेल्याला मी धरणार नाही, तो नाही असं समजेन."

सुरू झालं. एकेक नाव. मी कितीतरी जणांची नावं पहिल्यांदा ऐकली. चिमणीचं खरं नावसुद्धा. ते इतकं मोठं आणि भारदस्त आहे की सगळे हसले, तीही हसली. मागच्या रांगेत सर होते. त्यांच्यापाशी येऊन सगळं थांबलं. त्यांना वाटलं असावं, आपल्याला कशाला सांगायला हवं. कुणी मदत केली नाही. शेवटी घसा खाकरून त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं. नुसतं नाव, हुद्दा नाही. वकीलबाई म्हणाली, "या सर."

फेरी पूर्ण झाली. तेव्हा तिने मान वळवली आणि विचारलं, "दारात कोण आहे?"

मी दाराकडे पाठ करून बसले होते. कुणी उत्तर दिलं नाही. मी वळले तर दार अर्धं उघडं होतं आणि बाहेर कुणी नव्हतं. वकीलबाई म्हणाली, "होतं कुणीतरी. मघापासून. आत येईना, जाईना." जिन्यावरून कुणीतरी उतरत होतं, ते मलाही ऐकू आलं. घाईने नाही, हळू.

मी उठले नाही. आधीची मी असते तर उठून जिन्यावरून खाली डोकावले असते, मग मावशीला खोदून विचारलं असतं, तिकिटांच्या वेळा बघितल्या असत्या. घरी आले तेव्हा मावशी भाजी निवडत होती. तिचे डोळे लाल होते. मी तिच्यासमोर बसून भाजी निवडायला घेतली आणि काही विचारलं नाही.

आज वकीलबाईला सांगितलं, मला वाटतं ती ताई होती. ती म्हणाली, "असेल." मी विचारलं, तुझा राग आहे का अजून? म्हणाली, "आहे ना. पण राग असला म्हणून दार लावून घेतलं असं नाही. तिला सांग, तिचा आवाज मला चांगला लक्षात आहे, पण मी ओळखून काढणार नाही."

ताई, दर शनिवारी दुपारी सगळे जमतात. तू होतीस की नव्हतीस, मला कळवू नकोस. पुन्हा आलीस तर आत ये आणि नाव सांग.

तुझी,
धाकटी